मॉन्स्टर ट्रक, उलाळ आणि घाटमाथ्यावरची पोरं

कोयनानगरचा इतिहास म्हटलं की दोनच गोष्टी सांगितल्या जातात. एक धरण आणि दुसरा ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप. दोन्हींवर भरपूर लिहिलं गेलंय आणि पुढेही लिहिलं जाईल. मी आज जे लिहितोय त्याला इतिहास म्हणायला बरेच जण तयार होणार नाहीत. मॉन्स्टर ट्रकचे कॉम्प्युटर गेम. माणसाच्या छातीपर्यंत येणारी चाकं लावलेला ट्रक, समोर टेकड्या आणि खड्डे, एक उडी, आपटणं, डोलणं आणि परत चार चाकांवर उभं राहणं. एवढाच खेळ.

मोबाईलवरचे किती गेम आपल्या डोळ्यांदेखत आले आणि गेले. पब्जीवर २०२० मध्ये बंदी आली, तो नाव बदलून परत आला, मधल्या काळात पोरांनी दुसरं काहीतरी धरलं आणि तेही सोडलं. हा ट्रक मात्र हलला नाही. मी स्वतः पंचवीस वर्षांपूर्वी कराडच्या सायबर कॅफेत तो पाहिला. आज माझ्या वर्गातली पोरं मधल्या सुट्टीत भिंतीआड लपून तेच खेळतात. नाव वेगळं, कंपनी वेगळी, देश वेगळा, पण ट्रक तोच. असं का व्हावं?

नेहमीचं उत्तर तयार असतं. पोरांना तोडफोड आवडते, धिंगाणा आवडतो. एका विद्यार्थ्याची अम्मी मला म्हणाली होती, "सर, दिनभर गाडी उलटाते बैठता है." तिचं निरीक्षण अचूक आहे. पण पोरगा गाडी उलटवत बसत नाही, उलटू नये म्हणून झगडत बसतो. या लेखात मला सांगायचंय ते या फरकाबद्दल.

सुरुवात अमेरिकेतून करावी लागेल, कारण मूळ ट्रक तिथला आहे. मिसुरी राज्यातल्या सेंट लुईस भागात बॉब चँडलर नावाचा एक बांधकाम कारागीर होता. त्याला चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या गाड्यांचा नाद. त्याच्या भागात अशा गाड्यांचे सुटे भाग मिळत नव्हते, म्हणून १९७० च्या दशकाच्या मध्यावर त्यानं बायकोला आणि एका मित्राला सोबत घेऊन स्वतःच दुकान आणि गॅरेज काढलं. त्याच्याकडे १९७४ चा फोर्ड एफ-२५० पिकअप होता. दुकानाची जाहिरात म्हणून तो त्याच गाडीला एकेक नवा भाग बसवायचा. चाकं मोठी केली की एक्सल तुटायचा. एक्सल भक्कम केला की इंजिन कमी पडायचं. इंजिन बदललं की परत दुसरंच काही तुटायचं. पाय अ‍ॅक्सिलरेटरवर जड आहे म्हणून दुकानातला सहकारी त्याला चिडवायचा आणि त्या चिडवण्यातून गाडीचं नाव पडलं, बिगफूट.

१९८१ च्या सुमारास चँडलरनं एका शेतात दोन भंगार गाड्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि बिगफूट त्यांच्यावरून नेला. त्याचं व्हिडिओ चित्रण झालं, ते एका कार्यक्रम भरवणाऱ्यानं पाहिलं आणि लोकांसमोर हेच करून दाखवायला सांगितलं. पुढचा सगळा धंदा त्यातून उभा राहिला. नंतर जी ६६ इंची, म्हणजे साडेपाच फूट उंचीची चाकं आली, ती मुळात शेतात खत पसरणाऱ्या अवजड यंत्रांची होती. मऊ जमिनीत यंत्र रुतू नये म्हणून ती रुंद आणि फुगीर केलेली असतात. १९८६ च्या बिगफूट ५ ला तर दहा फुटी चाकं लावली, तीही अमेरिकन लष्करानं बर्फाळ प्रदेशासाठी बनवलेल्या एका जुन्या वाहनाची.

हे सगळं मी एवढ्यासाठी सांगतोय की मॉन्स्टर ट्रक कुठल्या मोटार कंपनीच्या प्रयोगशाळेत जन्मला नाही. तो गॅरेजवाल्यानं केला, शेतातल्या आणि भंगारातल्या सामानातून. दुसरा गाजलेला ट्रक ग्रेव्ह डिगर, त्याचीही कथा तीच. डेनिस अँडरसन नावाच्या माणसानं चिखलात गाडी घालायच्या शर्यतीसाठी एक जुनाट फोर्ड बांधला आणि त्यातून तो पुढे आला. कराडच्या कुठल्याही गॅरेजात अर्धा दिवस बसा, असल्या डोक्याची दोन माणसं तरी भेटतील. एका गाडीचं इंजिन दुसऱ्या गाडीत बसवून ती ओढ्यापलीकडे नेणारे आपल्याकडे काही कमी नाहीत. त्यांना प्रेक्षागृह मिळालं नाही, एवढंच.

सुरुवातीचे हे ट्रक फार उडत नव्हते. खाली साधे पाटे असायचे, आपल्या मालट्रकला असतात तसेच. उडी मारली की गाडी दणकन आपटायची, ड्रायव्हरची पाठ जायची आणि चासी वाकायची. १९८९ चा बिगफूट ८ इथे महत्त्वाचा. चँडलरनं पाटे काढून टाकले, नळ्यांचा सांगाडा केला आणि नायट्रोजन भरलेले लांब पल्ल्याचे शॉकअ‍ॅब्सॉर्बर बसवले. हा सांगाडा त्यानं कॉम्प्युटरवर आखला होता. म्हणजे आपल्या पोरांनी कॉम्प्युटरवर मॉन्स्टर ट्रक चालवण्याच्या आधीच तो ट्रक कॉम्प्युटरमधून जाऊन आला होता. तिथून पुढे या गाड्या खऱ्या अर्थानं उडू लागल्या. ११ सप्टेंबर १९९९ ला टेनेसी राज्यात डॅन रंटी या ड्रायव्हरनं बिगफूटमधून बोइंग ७२७ विमानावरून २०२ फुटांची उडी मारली. पाच टनांच्या आसपास वजनाची गाडी, पंधराशे अश्वशक्ती, आणि खाली विमान!

आता कॉम्प्युटर. बिगफूटच्या नावाचा व्हिडिओ गेम १९९० मध्येच आला होता, पण ज्यानं ही जात रुजवली तो १९९६ चा 'मॉन्स्टर ट्रक मॅडनेस'. टर्मिनल रिॲलिटी या कंपनीनं बनवलेला, मायक्रोसॉफ्टनं विकलेला. १९९८ मध्ये दुसरा भाग आला. बिगफूट, ग्रेव्ह डिगर, स्नेक बाइट हे खरे ट्रक त्यात होते. साध्या पेंटियमवर, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतानाही तो चालायचा आणि आमच्यासारख्यांच्या वाट्याला तो आला तो याच कारणानं. चिप आणि नंतर डिजिट या मासिकांसोबत सीडी यायच्या. त्या सीडी हातोहात फिरायच्या आणि एकदा कॅफेच्या मशीनवर काही पडलं की फॉरमॅट मारेपर्यंत ते तिथेच राहायचं. कराडला ज्या कॅफेत मी जायचो तिथला मालक इंटरनेटचे तासाला वेगळे आणि गेमचे वेगळे पैसे घ्यायचा. गेमचे कमी. रोड रॅश प्रत्येक मशीनवर असायचा, मॉन्स्टर ट्रक एकाच. त्या मशीनसाठी थांबावं लागायचं.

त्या गेममधली एक गोष्ट मला अजून आठवते. ट्रक उलटा पडला किंवा खड्ड्यात अडकला, की एक हेलिकॉप्टर यायचं, ट्रक उचलायचं आणि सरळ करून ठेवायचं. वेळ जायचा, शर्यत हातची जायची, पण गाडी परत रस्त्यावर. माझे खालू कराड-चिपळूण रस्त्यावर मालट्रक चालवायचे. त्यांना हे एकदा दाखवलं तर ते बराच वेळ हसत राहिले. मग म्हणाले, "कुंभार्लीत एवढं हेलिकॉप्टर ठेवा म्हणावं."

त्यांच्या हसण्यामागे एक जुनी गोष्ट होती. १९९० च्या दशकात कुंभार्ली घाटात त्यांचा ट्रक कलंडला होता. पावसाळा होता, कडेची माती सुटलेली, मागून माल सरकला. जीव वाचला. पण क्रेन यायला दुपार झाली, माल भिजला आणि ज्यांच्याकडून कर्ज काढलं होतं त्यांनी हप्ता काही थांबवला नाही. दोन वर्षं ते दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून राबले. खालाजाननं कानातलं विकलं. आमच्या घरात 'पलटी' हा शब्द कोणी सहज उच्चारत नसे.

या रस्त्याची कल्पना बाहेरच्या वाचकाला द्यायला हवी. कराडहून निघालं की पाटण, मग हेळवाक, कोयनानगरच्या अंगावरून पुढे कुंभार्ली घाट आणि खाली चिपळूण. देशावरचा माल कोकणात आणि कोकणातला देशावर याच वाटेनं. वाटेवरच्या गावांमधून ड्रायव्हर, क्लीनर, पंक्चरवाले, वेल्डर, बॅटरीवाले, पाटे बसवणारे. त्यात आपली माणसं किती, हे मी सांगायची गरज नाही. नोव्हेंबर २००६ मध्ये सादर झालेल्या सच्चर समितीच्या अहवालातही मुस्लिम कामगार देशभर मोठ्या प्रमाणात रस्ते वाहतूक आणि वाहनदुरुस्ती या कामांत आहेत, अशी नोंद आहे. आपण तो अहवाल सरकारी नोकऱ्यांचे आकडे सांगायला काढतो. गॅरेजचं पान कोणी उघडत नाही.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो, विज्ञान माझा विषय नाही. तरी आता गाडीच्या तोलाबद्दल थोडं सांगतो, कारण खेळाचं मर्म तिथे आहे.

बैलगाडीत माल मागच्या बाजूला जास्त झाला की गाडी मागे कलते, जू वर उचललं जातं, बैलांच्या गळ्याला फास बसायला लागतो. याला मराठीत उलाळ म्हणतात. गाडी उलाळ झाली, असं म्हातारी माणसं आजही म्हणतात. पुढे जास्त भरलं तर उलटं, सगळा भार बैलांच्या मानेवर. चांगला गाडीवान गाडी भरतानाच दांडी हातानं उचलून बघायचा. सपाटीला बरोबर वाटणारा भार चढावर उलाळ होतो आणि उतारावर मानेवर येतो, म्हणून चढाला गाडीवान स्वतः पुढे सरकून दांड्यावर बसायचा आणि उताराला मागे जायचा. आपलं शरीर हेच त्याचं वजनमाप.

ऊसतोडीच्या दिवसांत कराड-पाटण भागात हेच दृश्य ट्रॅक्टरचं दिसतं. दोन ट्रेलर ऊस ओढणारा ट्रॅक्टर चढाला लागला की त्याचं तोंड उचलतं. पुढची दोन्ही चाकं हवेत, ड्रायव्हर क्लच आणि ब्रेकवर तोल सांभाळत, आणि समोरच्या बॉनेटवर भार म्हणून दोन माणसं चढून बसलेली. त्याचे व्हिडिओ फिरतात, खाली लोक टाळ्या देतात. उलटलं की काय होतं ते त्या व्हिडिओत नसतं.

मॉन्स्टर ट्रकचा गेम हा या उलाळीचा खेळ आहे. वेग त्यात दुय्यम. रोड रॅश किंवा नीड फॉर स्पीडमध्ये गाडी रस्त्याला चिकटलेली असते, तुम्ही फक्त डावी-उजवी करता. ट्रकच्या गेममध्ये जमीन वर-खाली होते, वजन पुढे-मागे जातं आणि खेळणाऱ्याला सतत एकच प्रश्न सोडवायचा असतो: आता तोंड उचलेल की आपटेल? हा प्रश्न जुना आहे. आमच्या लहानपणी मीडिया आणि समुराईच्या टीव्ही गेमवर एकाच कॅसेटमध्ये पन्नास-साठ गेम असायचे, त्यात एक मोटरसायकलचा असायचा. तो निन्टेन्डोचा १९८४ चा 'एक्साइटबाइक'. त्यात उडी मारल्यावर हवेतच बाइकचा कोन उताराशी जुळवावा लागायचा. नाही जुळला की आपटला. रोड फायटर कंटाळा आला की सुटला, पण हा सुटत नव्हता. ट्रायल्स नावाची फिनलंडची मालिका २००० पासून याच एका कल्पनेवर चालली आहे.

मधला काळ मी पटकन सांगतो. जीटीए सॅन अँड्रियास आला, तो आपल्याकडच्या कॅफेत २००५ नंतर. त्यात मॉन्स्टर ट्रक मिळवायची एक युक्ती होती, कीबोर्डवर 'मॉन्स्टरमॅश' हा शब्द टाइप करायचा की समोर ट्रक हजर. इंग्रजीत अकरा अक्षरं. श्रुतलेखनात पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द चुकवणारी उर्दू माध्यमाची पोरं ही अकरा अक्षरं न बघता, एका दमात टाइप करायची. वहीच्या शेवटच्या पानावर अशा शब्दांची यादी असायची. मी तेव्हा नुकताच बी.एड. होऊन नोकरीला लागलो होतो आणि अध्यापनशास्त्राच्या पुस्तकात प्रेरणेवर जेवढं वाचलं होतं त्याहून जास्त त्या शेवटच्या पानावर होतं, असं आजही वाटतं. मग फ्लॅश गेमचा जमाना आला. डाउनलोड नको, सीडी नको, वेबसाइट उघडा आणि खेळा. त्यात मॉन्स्टर ट्रकचे डझनावारी प्रकार होते, बहुतेकांचे कर्ते कोण हे कुणालाच माहीत नसायचं. ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीनं फ्लॅश बंद केलं आणि ते सगळं एका रात्रीत निवलं. कॅफे त्याआधीच बंद पडले होते. कराडच्या त्या कॅफेच्या जागी आता मोबाईलचं कव्हर आणि टेम्पर्ड ग्लासचं दुकान आहे. सीडींवर बुरशी चढली. एखाद्या पिढीनं काय वाचलं हे ग्रंथालयाच्या नोंदवहीत सापडतं, ती काय खेळली याची नोंद कुठेच नसते. म्हणूनही हे लिहून ठेवतोय.

आता २०१२. फिनलंडमधलं औलू हे शहर नोकियाचं मोठं ठाणं. नोकिया तेव्हा घसरणीला लागली होती, माणसं कमी होत होती. त्याच शहरात टोनी फिंगररूस या तरुणानं फिंगरसॉफ्ट नावाची छोटी कंपनी काढली होती आणि २२ सप्टेंबर २०१२ ला त्याचा 'हिल क्लाइंब रेसिंग' अँड्रॉइडवर आला. न्यूटन बिल नावाचा टोपीवाला पोरगा, एक जीप, दोन पेडल. उजवं गॅस, डावं ब्रेक. बाकी काही नाही. आपल्या पिढीचा पहिला मोबाईल गेम स्नेक, तोही फिनलंडचाच. त्या थंड देशाला आपल्या पोरांची नस कशी सापडते, अल्लाह जाणे.

मॉन्स्टर ट्रक या गेममधली एक गाडी आहे. जीपनं सुरुवात करायची, नाणी साठवायची आणि ट्रक विकत घ्यायचा. ट्रॅक्टर आहे, बस आहे. पण खरी गंमत पुढे आहे. गाडीत सुधारणा चार ठिकाणी करता येतात: इंजिन, सस्पेन्शन, टायर आणि चारही चाकांची ओढ. बॉब चँडलरनं आपल्या पिकअपवर ज्या क्रमानं डोकं फोडलं, नेमका तोच प्रश्न. पैसे मर्यादित, आधी काय सुधारायचं? इंजिन वाढवलं आणि सस्पेन्शन तसंच ठेवलं तर गाडी पहिल्याच टेकडीवर उलाळ होऊन मागे पडते आणि बिलची मान मोडते. माझ्या वर्गातल्या एका पोराचा बाप पाटे बसवण्याचं काम करतो. त्या पोराची ठाम शिकवण अशी, की आधी सस्पेन्शन, मग टायर, इंजिन सगळ्यात शेवटी. बाकीची पोरं इंजिनमागे धावतात आणि त्याच्या मागे राहतात. हे त्याला गेमनं शिकवलं की बापानं, मला सांगता येणार नाही. पण परीक्षेत काठावर पास होणारा तो मुलगा या विषयावर बोलायला लागला की बाकीचे गप्प ऐकतात.

कोयनेच्या खोऱ्यात हा गेम टिकण्याची आणखी दोन कारणं आहेत, अगदी साधी. पहिलं म्हणजे पाऊस. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास. जून ते सप्टेंबर मैदान नसतंच, क्रिकेट नाही, कबड्डी नाही, घराबाहेर पाऊल टाकलं की चिखल. चार महिने पोरं घरात. दुसरं म्हणजे रेंज. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि देशभर स्वस्त डेटाचा पूर आला, पण डोंगराच्या पोटातल्या वाड्यांवर आजही रेंजसाठी टेकडी चढावी लागते. ऑनलाइन गेम तिथे कामाचा नाही. हिल क्लाइंबला इंटरनेट लागत नाही. तो छोट्या जागेत मावतो, जुन्या, काच फुटलेल्या फोनवर चालतो, बॅटरी फार खात नाही. भारनियमनाच्या वर्षांत तर हे फारच मोलाचं होतं. १९६० मेगावॅटचा प्रकल्प ज्यांच्या उशाशी आहे ती माणसं चार्जिंगला फोन कुठे लावायचा याची चौकशी करत फिरायची, हा विनोद आमच्याकडे जुना झालाय. २०१६ मध्ये गेमचा दुसरा भाग आला, शर्यती इतरांबरोबर लावता येतात. शहरातली पोरं त्याकडे वळली. इथे पहिलाच चालू आहे.

कोणी म्हणेल, आपल्या भागात शर्यतीचं वेड आधीपासूनच आहे, बैलगाडा शर्यत आहे की. आहे, सातारा-सांगलीत तर जीव की प्राण. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं त्या शर्यतींवर बंदी घातली, १६ डिसेंबर २०२१ ला अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ च्या घटनापीठाच्या निकालानं ती कायम झाली. मोबाईलवरचा ट्रक याच बंदीच्या वर्षांत गावागावात पसरला. पण दोन्हींचा संबंध जोडायला मी तयार नाही. बैलगाड्याची शर्यत सेकंदांची असते आणि तिथे मान असतो तो बैलाचा आणि मालकाचा. ट्रकच्या गेममध्ये प्रेक्षक नाही, मालक नाही, बक्षीस नाही. एकटा पोरगा आणि एक चढ. गेल्या वेळी आठशे मीटरला पडलो, आज साडेआठशेला पडलो. हे ऐकायलाही बऱ्याचदा कोणी नसतं.

आणि पडण्याबद्दल. या गेममध्ये पडणं फुकट आहे. खालूंच्या आयुष्यात एक पलटी दोन वर्षांची होती. ज्या घरांमध्ये गाडी म्हणजे सगळी पुंजी, तिथल्या पोराला गाडी हातात मिळते ती आधी क्लीनर म्हणून, मग उस्तादाची मर्जी असेल तर रिकाम्या रस्त्यावर चार किलोमीटर, आणि चुकलं तर कानफटात. शिकण्यासाठी चुका कराव्या लागतात हे आम्ही बी.एड.ला पाठ केलं, पण ट्रकवर शिकणाऱ्याला चूक परवडत नाही. गेममधला ट्रक शंभर वेळा उलटा, शंभर वेळा सरळ होतो. ड्रायव्हरच्या घरातला पोरगा त्या हेलिकॉप्टरकडे ज्या नजरेनं बघतो, तशी नजर पुण्या-मुंबईच्या पोराची नसेल, असं मला राहून राहून वाटतं.

यातून पोरं खरा ट्रक चालवायला शिकतात, असा माझा दावा नाही. दोन पेडलच्या गेममधून कुंभार्लीचा उतार येत नाही. तिथे खालच्या गिअरमध्ये इंजिनच्या ओढीवर गाडी उतरवायची असते. ब्रेकवर भिस्त ठेवली तर लायनर तापून ब्रेकच लागेनासा होतो. गेममध्ये उडी मारली की जास्त नाणी, घाटात उडी मारली की दरी. आमच्याकडच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरांची तक्रार आहे की नवी पोरं गाडी गेमसारखी हाणतात. ती मी खोडून काढणार नाही. मी एवढंच म्हणतो की तोल, भार, चढ-उतार यांची जी समज गाडीवानाकडे होती आणि पाटेवाल्याकडे आहे, ती या खेळात आहे. आपण तिला ज्ञान म्हणत नाही, म्हणून खेळालाही टाइमपास म्हणतो.

गेल्या पावसाळ्यात नववीतल्या एकानं मला विचारलं, "सर, हवेत असताना गॅस दाबला की तोंड वर येतं आणि ब्रेक दाबला की खाली. खऱ्या गाडीत असं होतं का, की हे गेमवाल्यांनी ठेवलंय?" मला उत्तर येत नव्हतं. विज्ञानाच्या सरांकडे गेलो. ते म्हणाले, होतं. खरे मॉन्स्टर ट्रकचे ड्रायव्हर उडीत हेच करतात. चाकं जड, हवेत त्यांना वेग दिला की ती पुढे फिरतात आणि गाडीचं धड उलट्या दिशेला, म्हणजे मागे. ब्रेक मारला की फिरणाऱ्या चाकांचा जोर धडात येतो आणि नाक खाली जातं. कोनीय संवेगाची अक्षय्यता, ते म्हणाले. पाठ्यपुस्तकात हा धडा नववीला नाही.

मग त्यांनी ऑफिसमधली फिरती खुर्ची आणली आणि कुणाच्या तरी सायकलचं पुढचं चाक सोडवलं. त्या पोराला खुर्चीवर बसवलं, पाय वर घ्यायला सांगितले, चाक आडवं धरायला दिलं आणि जोरात फिरवलं. म्हणाले, आता हातानं ब्रेक मार. पोरानं तळवा टायरवर दाबला. चाक थांबलं आणि खुर्ची पोरासकट गर्रकन फिरली. सगळा वर्ग ओरडला. पोराचा तळवा लाल झाला होता, पण तो परत बसायला तयार होता. त्याच्यामागे वीस जणांची रांग लागली. शिपाई दोनदा खुर्ची मागायला येऊन गेला. रांगेतल्या एकीचा नवा प्रश्न तोवर तयार होता: गेममध्ये चंद्रावरची पण लेव्हल आहे, तिथे खुर्ची जास्त फिरेल की कमी?